पेपर क्रमांक सहा

वर्गातल्या नकाशात मधोमध समुद्र आहे,
देश सगळे कडेकडेनं, पंगतीला बसल्यासारखे.
डाव्या टोकाला आपण.
तिथंच भिंतीतला खिळा
आणि खिळ्याच्या खाली, पट्टीनं मोजून बघितलं मी,
खाडी, बेलापूर, दिवाळे गाव, आमचं घर.

फणसेकर मॅडम म्हणतात,
भारत आशिया-पॅसिफिकमध्ये धरायचा की नाही
यावर तज्ज्ञांत एकमत नाही.
लिहून घ्या, पंधरा मार्कांना येतं.
मी लिहून घेते.
पुस्तक इंग्रजीत, पेपर मराठीत,
मधलं पाणी ज्याचं त्यानं पोहून जायचं.
पॅसिफिकचं प्रशांत करते
तर शाळेतला प्रशांत कोटकर आठवतो,
दहा मिनिटं एका बाकावर टिकला नाही कधी.
रीजनॅलिझमचं करते प्रादेशिकवाद
आणि पेन थांबतं.
आमच्याकडं या शब्दाला
साडेबारा टक्क्यांच्या भूखंडाचा वास येतो,
आजोबांच्या प्रकल्पग्रस्त दाखल्याचा,
जो लॅमिनेट करून
देव्हाऱ्यामागं ठेवलाय.

गुरुवारी सिंगापूर झालं.
तीस वर्षांत कोळीवाड्याचं महानगर,
मॅडम फळ्यावर बाण काढत गेल्या:
बंदर, निर्यात, घरबांधणी.
मी हात वर केला.
मॅडम, ते कोळी कुठं गेले?
वर्ग हसला. मॅडम हसल्या नाहीत.
खडू बोटांत फिरवला थोडा वेळ,
म्हणाल्या, ते सिलॅबसमध्ये नाही गं.
तास सुटल्यावर जिन्यात मात्र थांबल्या.
तुमचं मिठागर होतं ना?
होतं, म्हटलं.
आता तिथं सव्विसाव्या मजल्यापर्यंत दिवे लागतात.

भूपेशदादा बोटीवर ऑइलर आहे.
माझ्या नोट्समधली गावं
त्याच्या बोलण्यात डिझेलनं माखून येतात.
बुसानला हाडं गोठतात,
काओशुंगचा भात चिकट,
आणि मनिलाचा कुक सुकं भाजतो
अगदी आईसारखं,
अख्ख्या बोटीला ठसका.

यंदा लाँग बीचहून बुसानला जाताना
त्याची चौदा तारीख गेली.
तेरा संपली, पंधरा लागली.
वाढदिवस चौदाचा.
आईला मी संत्रं घेऊन समजावलं,
सालीवर पेननं उभी रेघ मारली,
या बाजूला काल, त्या बाजूला आज.
तिनं संत्रं हातातून घेतलं, सोललं,
एक फोड मला दिली.
"दीस काय बोंबील हाय, जाल्यातून निसटाला?"

पान एकशे बारावर तळटीप आहे:
आंतरराष्ट्रीय वाररेषा सरळ नाही,
काही बेटांच्या सोयीसाठी ती वळवलेली आहे.
तीनदा वाचली मी.
म्हणजे वळवता येते रेघ.
मोजणीवाले साखळ्या घेऊन आले तेव्हा
आजोबांना हे कुणी सांगितलं नाही.
की सांगितलंही असेल,
इंग्रजीत.

सोळाच्या रात्री अडीचला त्याला रेंज मिळाली.
त्याच्या मागं उजाडत होतं,
क्रेनची मान, तांबडे कंटेनर,
टोपीतून वर आलेले कान.
आईनं फोनला ओवाळलं,
निरांजन काचेत तिच्याचकडं बघत राहिलं.
"आज चौदा," ती म्हणाली.
"हो," तो म्हणाला,
इंजिनाच्या आवाजावरून ओरडून, "चौदाच."

मी पलीकडं पहिला प्रश्न सोडवत बसलेले.
आशिया-पॅसिफिक प्रदेशाच्या सीमा स्पष्ट करा.
एक वाक्य लिहिलं, खोडलं.
दुसरंही.
बाहेर जेटीला बांधलेल्या होड्या
भरतीनं एकमेकींवर आपटत होत्या.

सकाळी कॅलेंडरवर बघितलं तर
सोळाच्या चौकटीत आईनं काजळानं चौदा लिहिलेले,
आणि पुढचे सगळे आकडे तसेच सोडलेले.
त्या महिन्यात दूधवाल्याचा हिशेब
दोन दिवसांनी चुकला.
त्यानं डोकं खाजवलं, कॅलेंडरकडं बघितलं,
आईकडं बघितलं,
आणि मिळाले तेवढे घेऊन गेला.